मिडीची लय आणि साउंड ड्रायव्हर: जळगावातील घरच्या स्टुडिओतला काही महिन्यांचा अनुभव

गेल्या हिवाळ्यापासून मी अहिराणी गाण्यांचे ट्रॅक दोन चॅनेलच्या एका साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माइक व स्पीकर लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीवर, तयार करीत आहे. गाणी कानबाईची असोत वा लग्नसराईची, कामाची रीत तीच राहते: ढोलकीचा ठेका आणि स्वरांचे तुकडे मिडी कीबोर्डवर (जो आवाज नव्हे, तर कोणती कळ कधी दाबली याचे संदेश पाठवतो) वाजवून नोंदवायचे आणि नंतर त्यावर गायकाचा आवाज घ्यायचा. इंटरफेसच्या आवाजाच्या दर्जाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण या किमतीत तो पुरेसा स्वच्छ आहे. मिडीच्या वेळेचा प्रश्न मात्र सविस्तर लिहिण्याजोगा आहे. ‘ठेका सुटतो’ एवढ्या कारणावरून उपकरण परत करणारे वादक माझ्या परिचयात आहेत आणि त्यातील बहुतेकांच्या बाबतीत दोष उपकरणाकडे नव्हता.

या तक्रारीत दोन निरनिराळे दोष एकत्र मिसळलेले असतात. कळ दाबल्यावर आवाज ठरावीक अंतराने उशिरा येणे हा पहिला. तो उशीर स्थिर असल्यामुळे सरावलेला हात त्याच्याशी काही प्रमाणात जुळवून घेतो. नोंदवलेला ठेका वाजताना थाप कधी अलीकडे तर कधी पलीकडे पडणे हा दुसरा, आणि त्याच्याशी कोणताही हात जुळवून घेऊ शकत नाही. बहुतेक सल्ले पहिल्या दोषावरचे असतात आणि ते दुसऱ्यावर वापरून लोक कंटाळतात.

पहिल्याचा हिशेब सोपा आहे. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४४,१०० आणि बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचे नमुने) १०२४ असेल, तर केवळ त्या बफरमुळे सुमारे २३ मिलिसेकंदांचा विलंब होतो, म्हणजे मांडवात आठ मीटरवर बसलेल्या ढोलकीवाल्याची थाप कानावर यायला लागतो तेवढा वेळ. बफर १२८ केला की हाच आकडा तीनच्या आसपास येतो. ड्रायव्हरचे, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे, स्वतःचे राखीव बफर आणि रूपांतराचा वेळ त्यात मिळवावा लागतो. विंडोजमधील मूळ वेव्हटेबल सिंथ (मिडी संदेशांपासून आवाज तयार करणारे सॉफ्टवेअर) थेट वादनासाठी नाहीच, त्याचा विलंब कुणालाही जाणवेल. श्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेल्या एएसआयओ पद्धतीत सॉफ्टवेअर विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट उपकरणाच्या ड्रायव्हरशी बोलते, म्हणून इंटरफेससोबत निर्मात्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असणे मला आवश्यक वाटते. एएसआयओ फॉर ऑल हा पर्याय उपयोगी आहे, परंतु तो उपकरणाच्या मूळ विंडोज ड्रायव्हरवरच बसतो आणि खालचा ड्रायव्हर मंद असेल तर वरच्या आवरणाने तो वेगवान होत नाही. ब्लूटूथ हेडफोन लावून या गोष्टी तपासू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

मिडीच्या केबलवर संशय घेणारेही पुष्कळ आहेत. पाच पिनांच्या जुन्या जोडणीत सेकंदाला ३१,२५० बिट जातात, त्यामुळे एक स्वर सुरू करण्याचा तीन बाइटचा संदेश साधारण एक मिलिसेकंद घेतो. एकाच केबलवरून अनेक वाद्ये एकदम चालवली तरच तिथे गर्दी होते. एका कीबोर्डच्या वादनात नाही.

दुसरा दोष शोधायला मला अधिक वेळ लागला. काही सॉफ्टवेअर सिंथ थेट आलेले स्वर बफरच्या सुरुवातीलाच बसवतात, मग कळ त्या अवधीत केव्हाही दाबलेली असो. १२० च्या लयीत मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो आणि त्यात २३ मिलिसेकंदांची ओढाताण झाली की केरवा ताल लंगडतो. अशा सिंथसोबत बफर कमी केल्यावर विलंब आणि अनियमितता दोन्ही घटली. तरीही अधूनमधून एखादी थाप घसरत असे आणि तिच्यासोबत बारीक ‘टक्’ ऐकू येई. लेटन्सीमॉन हे तपासणीचे सॉफ्टवेअर काही वेळ चालू ठेवल्यावर प्रोसेसर अडवून धरणारा ड्रायव्हर साउंडचा नव्हे, तर वाय-फायचा असल्याचे दिसले. आता ट्रॅक करताना मी वाय-फाय डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करतो. नुसते नेटवर्क तोडून माझ्या लॅपटॉपवर तो परिणाम मिळाला नाही.

त्यानंतरचे कारण आपल्या भागातले आहे. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, वीज वाचवण्याची योजना आपोआप लागू होते आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. म्हणून बॅटरीवरील योजनाही मी उच्च कार्यक्षमतेची ठेवली आहे आणि यूएसबी पोर्टची वीज तात्पुरती तोडण्याची सोय बंद केली आहे. उन्हाळ्यात याच्या जोडीला उष्णता येते. माइक सुरू असताना कूलर बंद ठेवावा लागतो, खोली तापते, मग लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यात दुपारी पहिला तुकडा नीट येतो आणि तासाभराने तोच प्रकल्प अडखळू लागतो. यावर कोणतीही ड्रायव्हर सेटिंग चालत नाही, त्यामुळे मी तयार सिंथचे ट्रॅक ऑडिओत उतरवून प्रोसेसरवरचा भार हलका करतो आणि गायकाला सकाळी लवकर बोलावतो.

दोष कोणता आहे हे ठरवण्यासाठी एक चाचणी सर्वांत उपयोगी पडली. मिडीने मेट्रोनोमसारखा ठोका वाजवावा, इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल त्याच्याच इनपुटला जोडून तो ऑडिओ म्हणून नोंदवावा आणि मूळ मिडीशी ताडून पाहावा. प्रत्येक ठोका सारख्याच अंतराने सरकलेला असेल तर ड्रायव्हर स्वतःचा विलंब चुकीचा कळवत आहे. सॉफ्टवेअरमध्ये नोंदणीची भरपाई (नोंदवलेला आवाज जागेवर सरकवणारा आकडा) तेवढी टाकली की झाले. अंतर दर ठोक्याला बदलत असेल तर भरपाईचा आकडा निरुपयोगी आहे. थेट वादन कानाला ठीक वाटूनही नोंदवलेले मिडी स्वर सतत पुढे किंवा मागे पडत असतील, तर टाइमस्टॅम्पची, म्हणजे प्रत्येक स्वरावर वेळेची खूण लावण्याची, पद्धत बदलून पाहावी. क्यूबेस या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सिस्टीमचा टाइमस्टॅम्प वापरण्याचा पर्याय यासाठीच दिलेला आहे.

सध्या बफर १२८ वर वादन आणि मिश्रणाच्या वेळी १०२४, अशी माझी व्यवस्था स्थिर आहे. इंटरफेस यूएसबी हबवर न लावता थेट लॅपटॉपला जोडतो. ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली तरी लग्नसराई संपेपर्यंत ती घालत नाही, आणि जुन्या आवृत्तीची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवलेली असते.