नाशिकच्या वडाळा नाक्याचं गॅरेज: ओम्नीचं क्रँक सील आणि टायमिंगचं काम

ज्यांच्याकडे अजून मारुतीची ओम्नी किंवा जुनी ८०० गाडी आहे आणि इंजिनच्या पुढच्या अंगानं ऑइल झिरपतंय, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय. माझा डब्यांचा व्यवसाय आहे. सिडकोतून अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांत जेवणाची सुट्टी व्हायच्या आत डबे पोचले पाहिजेत, आणि तो सगळा भार एका ओम्नीवर आहे. मारुतीनं २०१९ मध्ये ही गाडी बनवणं थांबवलं. आता तिला नीट सांभाळणारा मिस्त्री मिळणं म्हणजे माझ्यासाठी धंद्याचाच प्रश्न.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी गळतीची तक्रार सांगितली, तर त्यांनी फक्त टायमिंग बेल्ट बदलून दिला, म्हणजे खालचा क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि वरचा कॅम (झडपा उघडणारा दांडा) यांना जुळवून फिरवणारा दातेरी पट्टा. थोड्याच दिवसांत खाली पुन्हा डाग. वडाळा नाक्याच्या मिस्त्रींनी कव्हर उघडून तो बेल्ट माझ्या हातात दिला. दातांपर्यंत ऑइल मुरलेलं. "ताई, बेल्टचा दोष नाही. बेल्टच्या मागे क्रँकवर ऑइल अडवणारं रबरी कडं असतं, ते सील गळतंय. ते तसंच ठेवून कितीही बेल्ट टाका, सगळे असेच भिजणार." ऑइलनं रबर मऊ पडतं, आणि बेल्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते. साडेअकराला अंबडच्या रस्त्यावर असं झालं तर किती माणसं उपाशी राहतील, ते मलाच माहीत.

ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, त्यामुळे काम थोडं वरून, थोडं गाडीखाली झोपून. क्रँकची पुली, मग टायमिंग कव्हर, बेल्ट, बेल्टची खालची पुली, आणि तिच्या मागे ऑइल पंपाच्या घरात बसलेलं ते सील. वस्तू छोटी आणि स्वस्त, पण तिथवर पोचायला एवढं सगळं उतरवावं लागतं. म्हणूनच मिस्त्री म्हणाले की बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी छोटी पुली) याच वेळी बदला, मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागणार नाही. हा सल्ला मला पटला आणि तुम्हालाही हेच सांगेन.

मला त्यांचं काम का आवडलं, ते सांगते. बेल्ट काढण्याआधी त्यांनी इंजिन हातानं फिरवून वरच्या कॅमच्या पुलीची आणि खालच्या क्रँकच्या पुलीची खूण जागेवर आणली, आणि मला बोलावून दाखवली. जुनं सील काढताना क्रँकच्या शाफ्टला ओरखडा पडू नये म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळलं. त्यानंतर शाफ्टवरून बोट फिरवून, सीलच्या ओठानं, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेनं, चर पाडलाय का ते पाहिलं. चर खोल असेल तर नवं सीलही गळतं, हे मला तिथंच कळलं. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू आत, ओठाला बोटानं ऑइल, आणि सीलच्या मापाची गोटी (पान्याचं सॉकेट) वर धरून हळूहळू ठोकत चहूबाजूंनी सारखं बसवलं. घाई नाही, तिरकं गेलं तर पुन्हा काढू असं म्हणत.

बेल्ट चढवल्यावर टेन्शनरचा बोल्ट लगेच आवळला नाही. क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, त्यामुळे दोन्ही खुणा पुन्हा समोरासमोर यायला हव्यात. त्या आल्या, मगच बोल्ट पक्का. एक दात जरी इकडचा तिकडे झाला तर पिकअप जातो, स्टार्टिंगला त्रास होतो. कितीतरी ठिकाणी ही तपासणी न करताच कव्हर लावून मोकळे होतात.

अजून एक गोष्ट त्यांनी न सांगता केली. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनमधला दाब बाहेर सोडणारा, पाइप काढून पाहिला, तो काळ्या गाळानं जवळजवळ बंद होता. कुकरची शिट्टी तुंबली की वाफ झाकणाच्या कडेनं वाट काढते, तसाच इंजिनमधला दाब सीलवर येतो. पाइप साफ केला, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. मला सगळ्यात जास्त विश्वास इथं बसला.

पार्ट मी स्वतः मारुतीच्या दुकानातून आणले. बिल माझ्याकडेच राहिलं. मजुरी १,८०० रुपये घेतली. नाशिकमध्ये याहून स्वस्तात करणारेही आहेत, पण खुणा दाखवून काम करणारे मला भेटले नाहीत. तेव्हापासून कसाऱ्याचा घाट उतरून ठाण्याला जाऊन आलेय, गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा आहे.

उणीवही सांगायला हवी. बसायला जागा नाही, छापील बिल नाही, आणि हाताला ग्रीस असेल तर मिस्त्री फोन उचलत नाहीत. द्वारकेच्या चौकातून येताना संध्याकाळी गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जा. इंजिन थंड लागतं, तेव्हा शक्य असेल तर गाडी आदल्या रात्रीच तिथं लावून या. काढलेलं सील आणि बेल्ट मागून घ्या. ते आनंदानं देतात, आणि कुठून फाटलंय ते दाखवतातही.