तक्ता, गाठ की जागा? हात धुण्याची सवय लावताना काय निवडाल

केळीची कापणी करून आलेला माणूस कुणी न सांगता हात घासतो. चीक चिकटतो, काळे डाग दिसतात. तोच माणूस संडासहून आला की बोटांवर नुसतं पाणी ओततो. आमच्या चोपडा तालुक्यात हे रोज दिसतं. साबणानं हात धुवावेत हे ठाऊक नसलेलं माणूस आता सापडायचं नाही, पण न दिसणारी घाण आठवण करून देत नाही. ती आठवण कशावर सोपवायची, एवढंच ठरवायचं असतं. मी घरात तीन मार्ग करून पाहिले.

पहिला, भिंतीवरचा तक्ता. 21 दिवस खुणा केल्या की सवय लागते, असं सगळे म्हणतात. हा आकडा आला तो मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 मधल्या लिखाणातून. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना निदान एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यात हात धुण्याचा संबंध कुठे आला? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. तक्त्याचं नेमकं उलट असतं, एक चौकट रिकामी राहिली की हुरूप जातो. आमच्या धाकट्यानं तर तीन दिवसांच्या खुणा एका दमात केल्या, कोरड्या हातांनी.

तरी तक्ता अगदीच टाकाऊ नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात साबणाच्या डब्यातच वापराची वेळ नोंदवणारं यंत्र बसवून कुटुंबांना बक्षिसं दिली गेली. बक्षिसं थांबल्यावरही हात धुणं टिकून राहिलं. तिथे खुणा मुलांच्या हातात नव्हत्या, हा फरक.

दुसरा मार्ग म्हणजे गाठ. पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ‘मी हे करीन’ या नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. करायचं काम आधीपासून घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधून टाकायचं. पण कुठल्या? इथे मी चुकले. मी ते नळाला बांधलं. खान्देशात नळाचा काय भरवसा! कुठे दिवसाआड, कुठे चार-आठ दिवसांनी पाणी, उन्हाळ्यात विचारूच नका. नळ आला की सगळे हंडे-टाक्या भरायला धावतात, हात कोण धुतो? मग गाठ ताटाला मारली. ताट वाढलं की तांब्या घेऊन मोरीवर जायचं. ताट रोज दोनदा येतंच. शेतात हेच शिदोरीला लागू होतं. भाकरीचं फडकं सोडण्याआधी हात.

सासूबाईंची हाकही एक गाठच होती म्हणा. ‘पहिले हात धुई ले, मंग जेवाले बस.’ हुकमी! पण त्या लेकीकडे अमळनेरला गेल्या की आठ दिवस घरभर कोरडे हात.

तिसरा मार्ग जागेचा, आणि माझं झुकतं माप यालाच. बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांत संडासापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत रंगीत पायवाट केली, तिच्यावर पावलं आणि हाताचे पंजे रंगवले. साबणानं हात धुणारी मुलं आधी 4 टक्के होती, ती दुसऱ्याच दिवशी 68 टक्के झाली आणि सहा आठवड्यांनी 74. कुणी भाषण दिलं नव्हतं. आमच्याकडे संडास परसात, साबण न्हाणीत, मध्ये अख्खं अंगण. येताना वाटेत साबण दिसलाच नाही, तर आठवेल कसा? वाटेवरच्या खुंटीला टांगला. चौथ्या दिवशी कावळ्यानं नेला! आता बाटलीत पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर, झाकणाला भोक. कावळा फिरकत नाही, आणि एका वडीच्या पैशांत अशा कितीतरी बाटल्या होतात.

घरात लहान मुलं असतील तर जागेपासूनच सुरुवात करा, त्यांच्याकडून निश्चयाची अपेक्षा धरू नका. दिवसभर शेतात असाल तर तिथे टांगायला भिंत नाही, म्हणून गाठच. तक्ता हवाच असेल तर खुणा करण्याचं काम दुसऱ्याकडे द्या, आणि तो 21 चौकटींचा आखू नका. दोन मार्ग एकत्र चालतात, आमच्या मोरीवर बाटलीही आहे आणि ताटाची गाठही. सासूबाई अजून हाक मारतातच, पण परवा त्या हाक मारायच्या आधी धाकटा उठला होता.