कानांनी पाहिलेले सहा चित्रपट

चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर आपण बहुतेक सगळे ठरावीक गोष्टींवरच बोलतो. छायाचित्रण देखणे होते, अभिनय कसदार होता, उत्तरार्ध रेंगाळला. ध्वनीविषयी क्वचितच कोणी बोलते, आणि बोललेच तर ते गाण्यांविषयी किंवा पार्श्वसंगीताविषयी असते. चित्रपट गांभीर्याने पाहू लागल्यापासून मीसुद्धा अशीच बोलत आणि लिहीत आले. २०२३ पासून आलेल्या चित्रपटांपैकी जे सहा मला पुन्हा पाहावेसे वाटले, ते एकत्र आठवून पाहिले तेव्हा मात्र ध्यानात आले की या सहाही चित्रपटांतले जे मनात घर करून राहिले आहे, त्याचा मोठा भाग पडद्यावर दिसलेला नाही, तो ऐकू आलेला आहे. म्हणून हे परीक्षण मी त्याच अंगाने लिहिते आहे. ओघात कथेतले काही प्रसंग उघड होतील, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात जोनाथन ग्लेझर यांच्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’पासून करते, कारण ऐकायला मला याच चित्रपटाने शिकवले. हा चित्रपट मी पहिल्यांदा रात्री उशिरा, घरातले सगळे झोपल्यावर, लॅपटॉपच्या स्पीकरवर अगदी बारीक आवाजात पाहिला आणि तो मला संथ, थोडासा कोरडा वाटला. नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस छावणीच्या भिंतीला लागूनच असलेल्या घरात बायकामुलांसह राहतो. बायको बागेत फुलझाडे लावते, मुले पोहण्याच्या छोट्या टाकीत खेळतात, नोकर बूट पुसतात, आणि कॅमेरा भिंतीपलीकडे जवळजवळ कधीच जात नाही. काही आठवड्यांनी हाच चित्रपट मी चांगले हेडफोन लावून पाहिला, तेव्हा आपण आधी निम्मादेखील चित्रपट पाहिला नव्हता हे कळले. भिंतीपलीकडून प्रेते जाळणाऱ्या भट्ट्यांची अखंड घरघर येत असते, तिच्यात गोळीबार, कुत्र्यांचे भुंकणे, पहारेकऱ्यांचे ओरडणे आणि कुठेतरी मध्येच तुटलेली किंकाळी मिसळलेली असते, आणि हे सगळे इतक्या अंतरावरून, इतक्या दबक्या पातळीवर ऐकू येते की घरातल्या कपबश्यांचा आवाज त्याहून मोठा वाटतो.

ध्वनिरचनाकार जॉनी बर्न यांनी या कामासाठी साक्षी, नोंदी आणि छावणीतल्या अंतरांचा अभ्यास करून सुमारे ६०० पानांचा दस्तऐवज तयार केला होता. कोणता आवाज कुठून आला असता आणि बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या कानांवर तो कसा पडला असता, याचा त्यांनी हिशेब मांडला. या कष्टाचा परिणाम पडद्यावर दाखवून देता येत नाही, तो अनुभवावाच लागतो. मला सर्वांत जास्त हादरवले ते वेगळ्याच गोष्टीने. साधारण अर्ध्या तासानंतर ती घरघर मला ऐकू येईनाशी झाली. ती थांबली नव्हती, माझे कान तिला सरावले होते, म्हणजे त्या घरातल्या माणसांचे जे झाले होते तेच माझेही झाले होते. ह्योसची सासू पाहुणी म्हणून येते, बागेचे कौतुक करते, पण रात्री खिडकीतून दिसणारा भट्ट्यांचा उजेड आणि तो आवाज तिला सहन होत नाही आणि कोणाला न सांगता ती निघून जाते. तिचे कान अजून सरावलेले नाहीत, एवढे एकच कारण चित्रपट देतो आणि तेवढे पुरते. एका प्रसंगात मुलाला खिडकीबाहेर एका कैद्याला एका सफरचंदावरून शिक्षा होताना ऐकू येते. आपल्यालाही फक्त ऐकूच येते, कारण कॅमेरा त्या मुलाबरोबर खोलीतच थांबतो.

२०२४ च्या ऑस्कर सोहळ्यात ‘ओपनहायमर’ने सात पुरस्कार मिळवले, पण सर्वोत्कृष्ट ध्वनीचा पुरस्कार ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला मिळाला. माझ्या मते तो निर्णय अगदी योग्य होता.

‘ओपनहायमर’मध्ये ऐकण्यासारखे काही नाही असे मात्र मी म्हणणार नाही. १६ जुलै १९४५ च्या अणुबॉम्बच्या चाचणीचा प्रसंग क्रिस्टोफर नोलन यांनी जवळजवळ निःशब्द ठेवला आहे. प्रकाश आधी पोहोचतो आणि आवाज मागून येतो, हे शाळेत शिकलेले साधे विज्ञान, पण इथे ती मधली शांतता इतकी ताणली आहे की केवळ श्वास ऐकत बसलेल्या प्रेक्षकाला धमाका येणार हे ठाऊक असूनही तो आला की अंगावर काटा उभा राहतो. पुढे कर्मचाऱ्यांसमोरच्या भाषणात लाकडी बाकांवर आपटणाऱ्या पायांचा ठेका येतो, तो आपण आधी ठिकठिकाणी ऐकलेला असतो, फक्त तो कशाचा आहे हे तोवर कळलेले नसते. हे दोन प्रसंग मला अत्यंत मोलाचे वाटतात. बाकीच्या चित्रपटात मात्र लुडविग योरानसन यांचे संगीत, स्वतंत्रपणे कितीही सुंदर असले तरी, चौकशीच्या प्रसंगांखाली जवळपास अखंड वाहत राहते. चित्रीकरणानंतर स्टुडिओत संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करणे नोलन टाळतात. त्यामुळे अभिनयातला ताजेपणा टिकतो हे मान्य, पण पहिल्या खेपेस काही वाक्ये माझ्या हाती लागलीच नाहीत, आणि १८० मिनिटांच्या शब्दबहुल चित्रपटात ही उणीव लहान नाही.

ज्युस्तिन त्रिए यांचा ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’ हा खटल्याचा चित्रपट आहे आणि त्यात साक्षीदार म्हणजे आवाज. २०२३ च्या कान महोत्सवात याला पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला ग्रांप्री हे दुसऱ्या क्रमांकाचे. दोन्हींत सँड्रा ह्यूलर प्रमुख भूमिकेत आहेत हा योगायोग मला फार आवडतो. चित्रपटाच्या आरंभीच एक मुलाखत चालू असते आणि वरच्या मजल्यावरचा नवरा तेच ते वाद्यसंगीत इतक्या मोठ्याने, पुनःपुन्हा लावतो की मुलाखत अर्ध्यावर सोडावी लागते. नवरा आपल्याला दिसतही नाही, तरी त्या घरात काय बिनसले आहे ते दोन मिनिटांत कळते. नवऱ्याचा मृत्यू होतो आणि संशय पत्नीवर येतो. मुख्य साक्षीदार म्हणजे त्यांचा दृष्टी अधू असलेला मुलगा, ज्याला जे काही माहीत आहे ते ऐकून माहीत आहे. तो नेमका कुठे उभा होता आणि तिथून आतले बोलणे ऐकू येत होते का, हे तपासण्यासाठी पोलीस घरी येऊन प्रत्यक्ष प्रयोग करतात. तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला.

यातला कळसाचा प्रसंग भांडणाच्या ध्वनिमुद्रणाचा आहे. न्यायालयात ते ऐकवायला सुरुवात होते आणि आपल्याला स्वयंपाकघरातले ते भांडण प्रत्यक्ष दिसू लागते. नवरा-बायको एकमेकांची वर्षानुवर्षांची उणीदुणी काढत असतात, आणि प्रकरण हातघाईवर येण्याच्या नेमक्या क्षणी दृश्य नाहीसे होते. आपण पुन्हा न्यायालयात असतो आणि आता फक्त आदळआपट ऐकू येते. कोणी कोणाला मारले, काय फुटले, हे ज्युरीला जितके कळते तितकेच आपल्याला कळते. दिग्दर्शिकेने एवढ्या एका कापणीने प्रेक्षकाला न्यायाच्या खुर्चीत बसवले आहे. १५२ मिनिटांतली काही मिनिटे वकिलांच्या साहित्यचर्चेत खर्च झाली नसती तरी चालले असते, पण त्या एका प्रसंगासाठी मी हा चित्रपट कोणालाही सुचवीन.

‘फ्लो’बद्दल लिहिताना थोडा राग येतो, आणि तो चित्रपटावरचा नाही. गिंट्स झिल्बालोडिस यांचा हा लाटव्हियन ॲनिमेशनपट ८५ मिनिटांचा आहे आणि त्यात एकही शब्द नाही. पाण्याखाली जाणाऱ्या जगात एक मांजर, एक कुत्रा, एक कॅपिबारा, एक लेमूर आणि एक सेक्रेटरी पक्षी एकाच नावेत येतात. ब्लेंडर या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवले आणि ते लाटव्हियाचे पहिले ऑस्कर ठरले. मी तो ज्या चित्रपटगृहात पाहिला तिथे आवाज इतका कमी ठेवला होता की पाण्याच्या लाटेपेक्षा वातानुकूलन यंत्राचा आवाज मोठा होता. मध्यंतरात जाऊन विचारले तेव्हा सांगण्यात आले की आदल्या खेळाच्या प्रेक्षकांनी आवाजाची तक्रार केली होती, म्हणून तो उतरवून ठेवला आहे. चित्रपटगृहातल्या ध्वनियंत्रावर ७ ही प्रमाण पातळी मानली जाते आणि ध्वनिमिश्रण करणारे तंत्रज्ञ त्याच पातळीवर ऐकून प्रत्येक आवाजाचा तोल ठरवत असतात. मागच्या खेळात कोणता दणदणाटी चित्रपट होता हे मला ठाऊक नाही, पण त्याची शिक्षा एका मांजराच्या चित्रपटाला झाली. संवाद असलेल्या चित्रपटात निदान शब्दांवरून कथा कळते. इथे आवाज गेला की भाषाच जाते.

तो मी पुढे दुसरीकडे पाहिला आणि मग त्या भाषेची श्रीमंती कळली. प्राण्यांचे आवाज नटांनी काढलेले नाहीत, ते खऱ्या प्राण्यांचे आहेत. मांजराचे घाबरलेले म्याव, रागावलेले म्याव आणि कोणीतरी दिसेनासे झाल्यावरचे म्याव ही तीन वेगळी वाक्ये आहेत आणि ती समजायला उपशीर्षके लागत नाहीत. एक अपवाद आहे, आणि तो मला फार लोभस वाटतो. ध्वनितंत्रज्ञाने कॅपिबाराचा खरा आवाज मिळवण्यासाठी प्राणिसंग्रहालयात जाऊन त्याला गुदगुल्या करून पाहिल्या, पण तो आवाज कर्कश निघाला आणि त्या शांत, जाडजूड प्राण्याच्या स्वभावाशी जुळेना. शेवटी उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरला गेला. एक तक्रार तरीही नोंदवते. पाणी चढत असताना दोन-तीन ठिकाणी संगीत उगीच भरून येते. पाण्याचा आवाज तिथे पुरेसा होता.

पायल कापडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’विषयी खूप लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यात लिहिते. ३० वर्षांनी कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत पोहोचलेल्या या भारतीय चित्रपटाला २०२४ मध्ये ग्रांप्री मिळाले. आरंभी रात्रीची मुंबई दिसते आणि तिच्यावर ठिकठिकाणांहून आलेल्या माणसांचे आवाज वेगवेगळ्या भाषांत येतात. बोलणारे चेहरे दिसत नाहीत. शहर म्हणजे इमारती नव्हेत, बोलणी आहेत, हे इतक्या कमी वेळात मी कुठे अनुभवले नव्हते. कनी कुसृती यांची प्रभा फार कमी बोलते, आणि परदेशातून पेटीत आलेला राइस कुकर ती रात्री एकटीच कवटाळून बसते तेव्हा आसपासच्या आवाजांखेरीज काहीही ऐकू येण्याची गरज नसते. उत्तरार्धात, समुद्रातून वाचवलेल्या माणसाबरोबरच्या संभाषणात मात्र मनातले बरेच काही शब्दांत सांगून टाकले आहे. तिथे चित्रपटाने स्वतःच्या शांततेवर आणखी थोडा विश्वास ठेवायला हवा होता.

शेवटचा चित्रपट रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात आंतरराष्ट्रीय कथापटांच्या विभागात याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. वडिलांच्या निधनानंतर आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो, नातेवाइकांच्या लग्नाविषयीच्या प्रश्नांना तोंड देतो आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. भूषण मनोज, सूरज सुमन आणि आईच्या भूमिकेतल्या जयश्री जगताप या तिघांनीही अत्यंत संयत काम केले आहे. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. दुःखाच्या प्रसंगी सारंगी नाही, प्रेमाच्या प्रसंगी बासरी नाही. पात्राच्या डोळ्यांत पाणी येण्याआधीच प्रेक्षकाला रडायला सांगणारे संगीत आपण इतकी वर्षे ऐकत आलो आहोत की त्याच्याविना पहिली काही मिनिटे अवघडल्यासारखे होते. मग हळूहळू वारा, पाखरे, दूरवरची बोलणी ऐकू येऊ लागतात, आणि दोन माणसे शेजारी बसून काहीच बोलत नाहीत तेव्हा ती काय बोलत आहेत हेही कळू लागते. ग्रामीण बोलीचा उच्चार कुठेही विनोदासाठी वापरलेला नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मध्यभागात नातेवाइकांचे तेच प्रश्न त्याच सुरात एकदोनदा जास्त येतात, एवढे नोंदवणे मला भाग आहे.

मी हा चित्रपट पाहिला तेव्हा सुरुवातीला प्रेक्षागृहात नेहमीची कुजबुज होती, खुर्च्या करकरत होत्या, कोणाचा तरी फोन दोनदा वाजला. मध्यापर्यंत हे सगळे आपोआप थांबले होते. माझ्या मागच्या रांगेतल्या एका बाईंनी पर्सची चेन ओढली, ती अर्ध्यावरच थांबवली आणि पडद्यावरची माणसे उठून गेल्यावर उरलेली चेन, एकेक दात सोडवावा तशी, हळूहळू उघडली.