मासळीचा आइसबॉक्स, पण मॅशसाठी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हा 45 लिटरचा निळा आइसबॉक्स घेतला, तेव्हा विकणाऱ्याने विचारलं, "विसवण (सुरमई) काय?" मी मान डोलावली. घरी बिअर करतो, त्यासाठी पाच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) लागतं, ही कथा भर बाजारात कोण सांगत बसणार!

दोन वर्षांत यात अकरा वेळा मॅश केला, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातली गोडी उतरवली. खालच्या भोकात स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवला आणि आतून गिझरच्या कनेक्शनची जाळीदार नळी जोडली (आतलं रबर उपसून, नुसती जाळी). हीच माझी चाळणी. भोकाचे आटे मात्र इतके उथळ आहेत की पहिल्या दिवशी लिटरभर वर्ट (माल्टचं गोड पाणी) फरशीवर गेला. जाड सिलिकॉन वॉशर दोन्ही बाजूंनी लावा, टेफ्लॉन टेपच्या भरवशावर राहू नका.

उष्णता धरण्यात बॉक्स पक्का, अट एकच: आधी पाच लिटर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मी एकदा आळस केला. मॅश 67 ऐवजी 63 वर बसला आणि बिअर ताकासारखी पातळ, कोरडी झाली. आता 15 लिटर पाणी 72 अंशांवर घेतो. परदेशी रेसिपीत 73-74 लिहितात, कारण तिथे धान्य विशीत असतं. फोंड्यात मे महिन्यात माल्टचं पोतंच 31 अंशांवर असतं. तासाभरात तापमान दीड अंश उतरतं, तेही झाकणातून. झाकण आतून निव्वळ पोकळ! त्यावर गोधडी टाकतो. आई येता-जाता विचारते, "पेज शिजता कितें रे?"

पहिला माल्ट पिठाच्या गिरणीतून रवाळ काढून आणला होता. जाळी बुजली, वर्ट थेंब-थेंब, आणि मी चमचा घेऊन खरवडत बसलो. बॉक्सचा यात दोष नाही. टरफल अख्खं राहायला हवं, म्हणून दोन रोलरची चक्की, फट साधारण एक मिलिमीटर. गव्हाचा माल्ट असला की वरून दोन मुठी धुतलेली भाताची तुसं. तेव्हापासून नळ कधी अडला नाही.

पाच किलो धान्य पाच लिटर पाणी पिऊन बसतं, म्हणून पहिला वर्ट काढून घेतला की दुसऱ्यांदा 15 लिटर ओततो, 76 अंशांचं. त्याहून गरम पाण्याने टरफलाचा तुरटपणा उतरतो. एवढ्यानेही बॉक्सचा तळ जरा फुगलाय. 20 लिटरला ग्रॅव्हिटी (वर्टमधल्या साखरेचं माप) 1.048 च्या आसपास मिळते, माझी तक्रार नाही. चोथा शेजारच्या गाईंना.

खरी कसोटी पुढे. उकळलेला वर्ट थंड करायला तांब्याच्या कॉइलमधून नळाचं पाणी सोडलं, तर एप्रिलमध्ये टाकीतलं पाणीच 33 अंशांचं. वर्ट 37 वर येऊन अडून बसतो, यीस्टला हवं वीस-बावीस. इथे हाच बॉक्स पुन्हा कामाला येतो. चोथा काढून धुतला की त्यात मासळीबाजारातला लादीबर्फ, थोडं पाणी आणि फिश टँकचा छोटा पंप. आधी नळाच्या पाण्याने चाळीसपर्यंत आणायचं आणि मगच बर्फाचं पाणी कॉइलमधून फिरवायचं, नाहीतर बर्फ पहिल्या दहा मिनिटांतच संपतो.

दहापैकी सात. 20 लिटरच्या बॅचला 35 चा बॉक्स पुरे. 45 मध्ये वरची अर्धी जागा रिकामी राहते आणि वाफ तिथेच निवते. घेताना झाकण टिचकी मारून बघा. पोकळ वाजलं तर दुसरा मागा.