तिथी बघून किनारे निवडले: हॅवलॉक आणि नील, दुसऱ्यांदा

सहा वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा अंदमानला गेलो, तेव्हा नील बेटावरचा तो प्रसिद्ध नैसर्गिक दगडी पूल मला बघायलाच मिळाला नाही. तिथवर गेलो होतो, पायऱ्या उतरून अगदी खालपर्यंत गेलो होतो. पण टूरवाल्यांनी त्याची वेळ ठेवली होती सकाळी साडेनऊची, आणि त्या वेळी भरती भरत आली होती. ज्या खडपावरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या पसरट खडकांवरून चालत जायचं, ते सगळं पाण्याखाली. "हाय टाइड है, इतना ही दिखेगा," ड्रायव्हर म्हणाला आणि वीस मिनिटांत आम्ही परत गाडीत. मी कोकणातल्या हर्णैची. तिथी बघून समुद्रावर उतरणाऱ्या घरात वाढलेली. एवढे पैसे भरून गेलेल्या सहलीत भरती-ओहोटी कोणी बघितलीच नाही आणि मीही विचारलं नाही, याची रुखरुख मनात राहून गेली.

या फेब्रुवारीत पुन्हा गेलो, ते माघ पौर्णिमा मधोमध धरून. टूरवाला नाही, सगळं आमचं आम्ही ठरवलं. सोबत नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि माझी आई. आई बाहत्तरची, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यामुळे कोणता किनारा सुंदर हा प्रश्न आमच्यासाठी दुसरा होता. पहिला प्रश्न हा की कुठल्या किनाऱ्यावर कुठल्या वेळी पाणी कुठे असेल आणि आईला पाण्यापर्यंत चालता येईल का. पुढे जे लिहितेय ते त्याच नजरेने वाचावं.

पोर्ट ब्लेअरला (आता अधिकृत नाव श्री विजयपुरम) एकच दिवस थांबलो. आईला आधी सेल्युलर जेल बघायचं होतं. कठड्याला धरून, प्रत्येक जिन्यावर दम घेत ती वरच्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीपर्यंत चढली आणि तिथे बराच वेळ काही न बोलता उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या खासगी बोटीने हॅवलॉक. दीड-दोन तास लागतात. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालंय, तिकिटावर हीच नावं असतात, गोंधळू नका.

जेट्टीवर उतरल्या उतरल्या आईने विचारलं, "अगो, आज तिथी काय?" द्वादशी होती. आमच्याकडे सोपा हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. बाराचे पाऊणपट नऊ. आई म्हणाली, नवाला भरली असेल. जेट्टीवरच्या माणसाने सांगितलं, सातच्या सुमारास भरली होती. तिने मनात नोंद केली आणि पुढचे सगळे दिवस आपल्या हिशोबातून दोन तास वजा करत राहिली. कोकणातलं घड्याळ अंदमानात जसंच्या तसं चालत नाही, पण रोज पाऊण तास पुढे सरकायची चाल तीच. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, मी ते बघत होते, आणि आईचा अंदाज त्याच्या अर्ध्या तासाच्या आत बसत होता.

आता किनाऱ्यांकडे येते. राधानगर, म्हणजे सात नंबर. हॅवलॉकला गावांना आणि किनाऱ्यांना नंबर आहेत, रिक्षावाले नंबरच बोलतात. २००४ साली टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून याला निवडलं, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, हे सगळे सांगतात. मला सांगायचंय ते वेगळंच. हा किनारा भरती-ओहोटी कुठलीही असो, नाराज करत नाही. तळाला खडप नाही, सलग पांढरी, बारीक, पायाखाली घट्ट बसणारी वाळू, उतार अगदी मंद. ओहोटीला पुळण रुंद होते, भरतीला अरुंद, पण पाण्यात शिरणं तेवढंच सोपं. ज्याला तिथ्या-बिथ्या बघायच्या नाहीत, त्याने डोळे मिटून इथे यावं. जेट्टीपासून बारा किलोमीटर, कपडे बदलायला खोल्या, शौचालयं स्वच्छ, जीवरक्षक हजर.

किनाऱ्याच्या मागे समुद्री महुआची प्रचंड झाडं आहेत. इतकी उंच की दुपारी दोनलासुद्धा खाली गारवा. आई तिथे एका बाकावर पाय लांब करून बसली आणि म्हणाली, आपल्याकडे सुरूची झाडं लावलीत, त्यांच्याखाली असं बसवत नाही. खरं आहे. सुरूच्या बनात सावली फाटकी असते, इथे ती छपरासारखी असते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, अंदमानात सूर्य फार लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं पार पूर्वेला. फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास सूर्यास्त, डिसेंबरमध्ये तर पाचलाच. जेवून, वामकुक्षी करून चारला निघालात तर राधानगरला तासभरही मिळणार नाही. आम्ही दोनला पोचलो होतो. सूर्य गेल्यावर जीवरक्षक शिट्या मारून पाण्यातून बाहेर काढतात, आणि ते योग्यच आहे. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्यांचे फलक ठिकठिकाणी लावलेत, ते शोभेचे नाहीत.

कालापत्थर पूर्वेला, म्हणून सगळे तिथे सूर्योदयाला जातात. त्रयोदशीला पहाटे साडेपाचला आम्हीही गेलो. फोटो छान आले. पण त्या दिवशी भरती आठच्या सुमाराची, त्यामुळे सहाला पाणी चढत होतं आणि काळ्या दगडांमध्ये बसायला वाळूचा पट्टा चार पावलांचाच उरलेला. मुलीला खेळायला जागा नाही, आईला उतरायला धड वाट नाही. शिवाय वाळूतल्या बारीक माश्या घोट्यापाशी अशा चावतात की चार-पाच दिवस खाज जात नाही. खोबरेल तेल चोपडून जा. तासाभरात परतलो. दोनच दिवस हातात असतील तर मी हा किनारा सोडून देईन.

एलिफंट बीचचं मत देताना मला थोडं थांबावं लागतंय, कारण तिथे मुलीला आयुष्यातलं पहिलं प्रवाळ दिसलं. जेट्टीवरून छोटी बोट जाते. जंगलातून चालतही जाता येतं, पण आईमुळे तो प्रश्न नव्हता. बोटीतून गुडघाभर पाण्यात उडी मारून उतरायचं असतं, हे ऐकल्यावर आई म्हणाली, तुम्ही जा, मी मुक्कामी थांबते. बरं झालं ती थांबली. किनाऱ्यावर आडवे पडलेले मोठमोठे पांढरे ओंडके आहेत, त्यांच्यामधून वाट काढत चालावं लागतं. २००४ च्या त्सुनामीच्या खुणा त्या. आणि गर्दी. जेट स्कीचा आवाज सतत.

पण मुखवटा लावून, नळी तोंडात धरून, रबरी टायरला हात लावून मुलगी पाण्यावर पालथी झाली आणि तिने माझी बोटं इतकी घट्ट दाबली की दुखली. खाली पोपटमासे दगडासारख्या प्रवाळाला चावत होते. कुरकुर असा तो आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. वर आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "आई, ते दगड खातायत!" एवढ्यासाठी मी पुन्हा जाईन. एका गोष्टीचा मात्र मनापासून राग आला. शेजारच्या गटाचा गाइड दमलेल्या माणसांना प्रवाळावर उभं राहायला सांगत होता. प्रवाळ जिवंत असतं, वर्षाला कसंबसं बोटाच्या पेरापेरानं वाढतं, एका पावलात मोडतं. तुमच्या गाइडने तसं सांगितलं तर उभे राहू नका, टायरला धरून विसावा घ्या. पोहता येत नसलं तरी चालतं, लाइफ जॅकेट बुडू देत नाही.

विजयनगर, पाच नंबर, जिथे बरीच रिसॉर्ट्स आहेत. समुद्राला लागून खोली म्हणून आम्ही तिथे राहिलो. चतुर्दशीला सकाळी खोलीसमोर हिरवंनिळं पाणी होतं आणि दुपारी तीनला तेच पाणी पार लांब गेलेलं, मध्ये नुसता चिखलवट खडकाळ पट्टा. शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाचा हिरमोड झाला, त्यांना दुपारी पोहायचं होतं. हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या बाजूला हे असंच आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, ओहोटी फार लांब जाते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी. खोली घ्यायच्या आधी तुमच्या तारखांना ओहोटी किती वाजता आहे ते बघा. आईला मात्र तो उघडा पडलेला पट्टाच आवडला. शेवाळात काय काय हलतं ते बघत ती खुर्चीवर दोन तास बसली होती.

पौर्णिमेला सकाळच्या बोटीने नील. तास-सव्वा तास. नील लहान आहे, शांत आहे, आणि खरं सांगते, मला हॅवलॉकपेक्षा जवळचं वाटलं. गावांची नावं सीतापूर, रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली बेटं ही. जेट्टीजवळच्या एका बंगाली खाणावळीत मोहरीतला मासा आणि भात खाल्ला. आईने दुसऱ्यांदा भात मागितला, जो ती घरीही मागत नाही.

नीलसाठी पौर्णिमा किंवा अमावस्या का, तर त्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहाला भरती आणि दुपारी साडेतीन-चारला मोठी ओहोटी. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिवसात साधतात. भरतपूरचा किनारा जेट्टीला लागूनच आहे. तिथलं पाणी उथळ, तळ्यासारखं. ओहोटीला तळाचं प्रवाळ आणि दगड वर येतात, पोहता येत नाही, चालताना पाय कापतात. भरतीला तोच किनारा लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी अख्ख्या सहलीतला सर्वांत चांगला. साडेदहाला आई माझा हात धरून कमरेपर्यंत पाण्यात आली. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा. "इथे मला तोल धरावा लागत नाही," म्हणाली. लाट नाहीच ना तिथे. आम्ही दोघी पाऊण तास तशाच उभ्या होतो, पायांजवळून पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे फिरत होते.

तीनला दगडी पूल. स्थानिक लोक त्याला हावडा ब्रिजही म्हणतात. या वेळी पायऱ्यांखाली पाणी नव्हतं, दूरवर खडप उघडं पडलं होतं. आई पायऱ्यांच्या तळाशी एका सपाट दगडावर बसली. पुढची वाट निसरडी, रबरी तळाची पक्की चप्पल नसेल तर जाऊच नये. मुलगी डबक्याडबक्यातून फिरून आजीला बातम्या आणून देत होती. आजी, काळी समुद्रकाकडी आहे, हात लावला नाही. आजी, पायांवर केस असलेला तारामासा आहे. आजी, एक शिंपला आहे, त्याचे ओठ निळे आहेत, मी सावली केली की मिटतो! तो महाशिंपला होता, दगडात रुतलेला, निळ्या-जांभळ्या मखमली कडेचा. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिसऱ्यांची पणजी असणार ती." तिसऱ्या म्हणजे आमच्याकडचे खायचे छोटे शिंपले. मग कमानीखाली मी उभी राहिले. वरून झाडाची मुळं लोंबत होती. सहा वर्षांपूर्वी याच जागी पाणी होतं.

तिथून सूर्यास्ताला लक्ष्मणपूरचा एक नंबरचा किनारा, दहा मिनिटांवर. चांगला आहे, पण दमलेलो होतो, त्याच्यावर जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही.

शेवटच्या पहाटे सीतापूर. गर्दी नाही, दुकानं एक-दोनच, लाटा जरा जोरात, म्हणून पोहायला नाही, बसायला. मुलीने तिथे ओंजळभर शिंपले आणि प्रवाळाचे पांढरे तुकडे गोळा केले होते. ते बेटाबाहेर नेता येत नाहीत, मेलेलं प्रवाळसुद्धा कायद्याने संरक्षित आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. तिला समजावून सांगितलं. ती थोडी रुसली, मग आजीला विचारलं, हे परत कुठे ठेवू म्हणजे पाणी घेऊन जाईल? आजीने काल रात्रीच्या भरतीची ओली रेघ बोटाने दाखवली आणि म्हणाली, "हिच्या खाली ठेव. दहा वाजेपर्यंत नेईल."