आल्पेर्नचं फॅक्टरायझेशन कॅल्क्युलेटर: मोठ्या संख्यांचं वेड असेल तर वापराच

अर्जेंटिनाच्या दारिओ आल्पेर्न यांचं, संख्येचे मूळ अवयव पाडून देणारं हे कॅल्क्युलेटर ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही, संख्या टाकायची आणि बटण दाबायचं. बऱ्याच साइट्स मूळ अवयव दाखवून मोकळ्या होतात, हे मात्र विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ऑयलरचं टोशंट (त्या संख्येपर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी १ सोडून सामाईक विभाजक नाही), मोबियसची किंमत (एखादा मूळ अवयव पुन्हा आला तर शून्य, नाहीतर १ किंवा -१), शिवाय ती संख्या वर्गांची बेरीज म्हणून कशी लिहायची तेपण देतं आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे.

१२३४५६७८९८७६५४३२१ टाकून बघा. आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या डेमलो संख्यांपैकी ही, म्हणजे १११११११११ चा वर्ग. उत्तर लगेच येतं, ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. विभाजक ४५, कारण प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणायचं, ५×३×३, आणि पूर्ण वर्ग असल्यामुळे ते विषमच येणार. मोबियस शून्य. आता हे अवयव घेऊन वही काढा. ३७² म्हणजे ३५²+१२², १११११११११ मधले ३७ सोडून उरलेले ९ आणि ३३३६६७ गुणले की ३००३००३, तेवढ्याने ३५, १२ आणि ३७ तिन्हींना गुणा आणि बघा काय येतं: १०५१०५१०५² + ३६०३६०३६² = १११११११११². पायथागोरसचं त्रिकूट, तेही असलं देखणं! मी तर बघतच बसलो.

दुसरी गोष्ट म्हणजे अख्खी संख्या टाइप करायची गरज नाही, २^६७-१ (२ चा ६७ वा घात वजा १) असं थेट लिहिलं तरी चालतं (आकडे मात्र इंग्रजीच टाका). ही संख्या मूळ नाही हे फ्रेंच गणितज्ञ ल्युकासने १८७६ मध्येच दाखवलं होतं पण अवयव कुणालाच माहीत नव्हते, ते १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोलने अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत मांडले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. इथे ते डोळ्याची पापणी लवायच्या आत येतात आणि हाताने एवढं शोधणाऱ्या कोलबद्दल आदर अजूनच वाढतो.

कमी काय? इंटरफेस इंग्रजी आणि स्पॅनिशमध्येच आहे, मराठी शाळेतल्या पोरांना सुरुवातीला कुणीतरी सोबत बसून दाखवायला लागेल. आणि सगळी आकडेमोड तुमच्याच मशीनवर होते, त्यामुळे नव्वदेक अंकी संख्या असेल आणि ती दोन जवळपास सारख्याच मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर मोबाईलवर नादाला लागू नका, लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि दुसरं काम उरका. वीस-तीस अंकांपर्यंत मोबाईल मस्त चालतो.

माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार. गणिताच्या शिक्षकांनी तर ही साइट बुकमार्कच करून ठेवावी.