दाखला घरून काढू का केंद्रातनं?

वाईवरून वहिनींचा फोन, पोरीच्या ॲडमिशनला दाखले पायजेत, आपले सरकार पोर्टलवर घरीच भरू का महा ई-सेवा केंद्रात जाऊ?

पैशाचं म्हणाल तर घरून फक्त सरकारी फी, केंद्रात पण फी ठरलेलीच असते पण झेरॉक्स, स्कॅनिंग करत करत आकडा फुगतो. मला एकदा दुप्पट सांगितलेले, पावती मागितली तर लगेच खाली आले!

त्रास मात्र घरून जास्त, फोटो 20 केबीत बसवा, कागद स्कॅन करा, तेवढ्यात रेंज गेली की ओटीपी येईना आणि परत पहिल्यापासून. केंद्रातली पोरं रोज तेच करतात, कुठला कागद कमी पडतोय ते बघूनच सांगतात.

वेळ दोन्हीकडं तेवढाच, अर्ज शेवटी तहसील नायतर प्रांत ऑफिसलाच जातो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत ठरलीय, उशीर झाला तर अपील करता येतं, म्हणून अर्ज नंबर जपून ठेवा.

नुसता सातबारा पायजे तर घरूनच, डिजिटल सहीचा 15 रुपयात मिळतो. उत्पन्नाचा दाखला पण मोबाईल जमणाऱ्यानं घरूनच भरावा. जातीचा नायतर नॉन क्रिमीलेयर पहिल्यांदाच काढताय, नॉन क्रिमीलेयरला तीन वर्षांचं उत्पन्न वगैरे जोडायचंय, तर सरळ केंद्र गाठा.